स्प्रिंग कापणारे आणि स्प्रिंग बदलणारे एकाच माळेत ओवू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या मंगळवारच्या अंकात विजापूर रोडला राहणाऱ्या एका वाचकांचं पत्र आलं आहे. 'डाउन' केलेल्या, म्हणजे स्प्रिंगा आखूड करून जमिनीलगत आणलेल्या, गाड्या जप्त करून सरळ भंगारात काढा, अशी त्यांची मागणी आहे. रात्री अकरानंतर त्यांच्या दारावरून या गाड्या जातात, गतिरोधकावर बूड घासतं, ठिणग्या उडतात, झोपेचं खोबरं होतं. त्यांचा राग मला पटला. एक वाक्य मात्र जिव्हारी लागलं: 'गॅरेजवाले चार पैशांसाठी करवतीनं स्प्रिंगा कापून देतात, सगळे एकाच माळेचे मणी.' मी गॅरेजवाला आहे. अक्कलकोट रोडला तीसएक वर्षं गाड्यांच्या खाली झोपून काम करतोय, जास्त करून सस्पेन्शनचंच. म्हणून हे पत्र. लांबलं तर कात्री लावा, पण मधला स्प्रिंगचा भाग तेवढा ठेवा.

आधी माझा गुन्हा कबूल करतो. साल 1996. मी उस्तादांच्या हाताखाली होतो, मिसरूड नुकतं फुटलेलं. भवानी पेठेतल्या एका गिऱ्हाइकाला प्रीमियर पद्मिनी खाली करून हवी होती. भावाच्या लग्नात वरातीपुढे मिरवायची होती. उस्ताद गावाला गेलेले. मी पुढच्या दोन्ही स्प्रिंगा काढल्या, वाइसमध्ये धरल्या आणि हेक्सा ब्लेडनं प्रत्येकीचा दीड-दीड वेढा उतरवला. चार ब्लेडं मोडली. मागच्या कमानपाट्यातला एक पाटा काढून टाकला. गाडी काय दिसत होती म्हणून सांगू! वरातीत लोक नवरदेवाकडे कमी आणि गाडीकडे जास्त बघत होते.

तीन आठवड्यांनी तीच गाडी तुळजापूरहून परत आली, पुढून 'टण्ण टण्ण' करत. जॅक लावला, चाक हवेत लोंबकळलं. आत हात घालून स्प्रिंग धरली तर ती हातानं फिरली. अंगावर काटा आला. गाडीचा भार पेलणारी स्प्रिंग हातानं फिरते म्हणजे ती कशातच अडकलेली नाही. स्प्रिंगची दोन टोकं ज्यांत बसतात त्या वाट्या. चाक खड्ड्यात पूर्ण खाली गेलं की वरच्या आणि खालच्या वाटीतलं अंतर वाढतं. मूळची स्प्रिंग तेवढी लांब असते, ती दाबातच राहते. माझी आखूड झालेली, ती वाटी सोडून द्यायची आणि चाक वर येताना सापडेल तिथं बसायची. ब्लेडनं कापलेल्या टोकानं खालच्या वाटीत अशी खोक पाडली होती की माझं करंगळीचं नख आत गेलं. घाट उतरताना ती आडवी बसली असती तर? गाडीत पाच माणसं होती, त्यात एक बाळंतीण.

उस्तादांनी मारलं नाही. नव्या स्प्रिंगांचे पैसे माझ्या पगारातून कापले, आणि कापलेल्यातली एक स्प्रिंग खिळ्याला टांगून ठेवली. ती आजही माझ्या गॅरेजात आहे.

तेव्हा स्प्रिंग कापणाऱ्यांबद्दल त्या वाचकांचं म्हणणं मला शंभर टक्के मान्य. त्यात माझं थोडं घालतो. लोकांना वाटतं, स्प्रिंग कापली की ती नरम होते. उलट आहे. वेढे कमी झाले की उरलेली स्प्रिंग ताठ होते. सहा कामाच्या वेढ्यांतला एक गेला तर ताठपणा वीस टक्क्यांनी वाढतो. म्हणजे दबायला जागा कमी, धक्का जास्त, आणि शॉकअप मात्र जुन्याच स्प्रिंगच्या हिशोबाचा. म्हणून ती गाडी चालत नाही, उड्या मारते. काही महाभाग कापायचेही कष्ट घेत नाहीत, गॅसची ज्योत लावून स्प्रिंग 'बसवतात'. पोलादाला दिलेलं पाणीच त्यात उतरतं. अशी स्प्रिंग रोज थोडी थोडी बसत जाते आणि एखाद दिवशी मोडते.

आता दुसरी जात. वाचकहो, गाडी खाली करण्याचा एक रस्ता करवतीशिवायचा आहे. तो म्हणजे त्याच गाडीच्या भावकीतून भाग आणणं.

कंपन्या प्रत्येक मॉडेलला नवा सांगाडा बनवत नाहीत. एका सांगाड्यावर चार-पाच गाड्या उभ्या करतात. स्विफ्ट, डिझायर, रिट्झ ही एक भावकी. चाकणच्या कारखान्यातून आलेल्या पोलो आणि व्हेंटो, आणि त्यांच्याबरोबरची स्कोडाची रॅपिड, ही दुसरी. बोल्टाची भोकं, वाट्या, माउंटिंग बरंच जुळतं, पण वजन वेगळं असल्यानं स्प्रिंगा वेगवेगळ्या. कुणी डिझेल, कुणी पेट्रोल, कुणाला डिकी, कुणाला नाही. मग एकीची स्प्रिंग दुसरीला घातली की गाडी वर तरी जाते नाहीतर खाली तरी येते. आमच्या धंद्यात हे जुनं ज्ञान आहे. पण भावकी म्हटली की भांडणं आलीच. इथं बोल्ट जुळतो म्हणून सगळं जुळलं असं समजणारा फसतो. डिझेल डिझायरला पुढे पेट्रोलच्या स्प्रिंगा घातल्या की नाक खाली येतं, पोरं खूश होतात. पण डिझेल इंजिन जड. नरम स्प्रिंग त्या वजनानंच अर्धी दबून बसलेली असते, आणि पहिल्या मोठ्या खड्ड्यात शॉकअप बंप स्टॉपरवर, म्हणजे शेवटच्या रबरी ठोकळ्यावर, आदळतो. हे काम मी करत नाही. दोघांना परत पाठवलंय, त्यांतल्या एकानं समोरच्या गॅरेजात करून घेतलं, तेही मला दिसलं.

भाच्याची गोष्ट सांगतो म्हणजे नीट कळेल. भाचा टॉवेल-चादरीच्या धंद्यात आहे. दोन वर्षांपूर्वी त्यानं पुण्याहून जुनी स्कोडा लॉरा आणली, डिझेल, 2010 ची. आपल्या छत्रपती संभाजीनगरच्या शेंद्र्याच्या कारखान्यात जुळवलेली गाडी. आणल्या दिवशीच गॅरेजात उभी केली.

"मामा, गाडी लई उंच दिसायलीय की. घोड्यावर बसल्यागत."

"आपल्या रस्त्यांसाठी उंच केलीय बे. खड्डे दिसत नाहीत होय तुला?"

"दोन वेढे काढ की. तासाभराचं काम हाय."

मी काही बोललो नाही. खिळ्यावरची स्प्रिंग काढून त्याच्या हातात दिली आणि पद्मिनीची कथा ऐकवली. तो गप्प झाला, पण हौस काही गेली नाही. त्याची आई, म्हणजे माझी बहीण, म्हणाली, "तू नाही केलंस तर तो दुसरीकडं कापून आणेल." ते खरं होतं. मग ठरवलं, करायचंच तर नीट करू.

लॉरा म्हणजे बाहेरच्या देशातली ऑक्टाव्हिया. तिची भावकी मोठी: फोक्सवॅगनची जेट्टा, गोल्फ, स्कोडाचीच यती. यती उंच अंगाची, तिच्याकडून काही घ्यायला गेलो तर उलटंच व्हायचं. ऑक्टाव्हियाचा 'आरएस' म्हणून एक पळणारा अवतार आहे, त्याला बाहेर कंपनीच खाली बसवून देते. तशा स्प्रिंगांचा एक जोड पुण्यात जुन्या मालाच्या एका दुकानात निघाला. दुकानदार म्हणाला, "डोळे झाकून घ्या, आरएसच्याच आहेत." या धंद्यात डोळे झाकून घेतात ते नंतर डोळे पुसत बसतात. मी भाच्याच्या गाडीतली एक पुढची स्प्रिंग आधीच काढून सोबत नेली होती. दोन्ही टेबलावर शेजारी शेजारी उभ्या केल्या.

पहिलं बघायचं ते रंगाचे ठिपके. स्प्रिंगवर कंपनी रंगाच्या खुणा करते, त्यावरून तिचा वजनगट कळतो. लॉरासारख्या गाडीत स्टेपनीच्या खड्ड्यात एक स्टिकर असतं, त्यावर पुढच्या-मागच्या स्प्रिंगांच्या वजनगटाचे कोड असतात. तो कागद वाचायचं सोडून लोक इंटरनेटवरचे फोटो बघतात. ठिपके पुसले असतील तर व्हर्निअर, म्हणजे बारीक मापाची पट्टी, काढायचा. तारेची जाडी मोजायची, रंगाचा थर खरवडून, नाहीतर रंगच मोजला जातो. इथं अर्धा मिलिमीटरही फार असतो. 13 मिमीची तार साडेतेरा झाली तर बाकी सगळं तेच असताना ताठपणा 16 टक्क्यांनी वाढतो. मग वेढे मोजायचे, मोकळी लांबी मोजायची आणि शेवटी टोक बघायचं: वाटीत बसायला कंपनीनं जसं वळवलंय तसंच आहे, की कुणी आधीच ब्लेड चालवलंय. त्या जोडातल्या एका स्प्रिंगच्या टोकाचा रंग ताजा होता. घासून पाहिलं, खाली कापल्याची लकेर. दुकानदाराला दाखवली तर म्हणतो, "अहो, तेवढं चालतंय." मी उठलो. दुसरा जोड मिळायला पाच आठवडे लागले.

त्या जोडाच्या पुढच्या स्प्रिंगा आखूड होत्या आणि तारेनं मूळच्यापेक्षा किंचित जाड. डिझेल इंजिनाचं वजन त्या पेलतील, नाकावर बसणार नाहीत. तेच तर मला हवं होतं. त्याच्या जोडीनं शॉकअप नवे घेतले. तिथंही भावकीतला एक खोडा आहे. या घरातल्या गाड्यांत पुढच्या शॉकअपची नळी कुठं 50 मिमीची, कुठं 55 मिमीची असते. दुसऱ्या मापाची आणून ठेवली की दिवस वाया. आम्ही आधी मोजलं. वरचं माउंटिंग आणि बेअरिंगही बदललं. जुन्या बेअरिंगवर नवी स्प्रिंग चढवली की स्टिअरिंग वळवताना कुरकुर सुरू होते आणि गिऱ्हाईक स्प्रिंगला शिव्या देतं.

मागच्या स्प्रिंगांवरून आमचं भांडण झालं. भाच्याला मागूनही तेवढीच खाली हवी होती. मी म्हणालो, तू या डिकीत काय भरतोस? लॉराची डिकी 560 लिटरची. हा गडी त्यात टॉवेलांचे गठ्ठे कोंबून हैदराबादला जातो. मोकळी गाडी चांगली दिसते म्हणून मागं आखूड स्प्रिंग घातली तर गठ्ठे भरल्यावर ती गाडी नाक वर आणि शेपूट जमिनीला, असं करून पासष्ट नंबरच्या हायवेवर चालेल आणि समोरच्याच्या डोळ्यांत हेडलाइट मारेल. शेवटी पुढे 25 मिमी आणि मागे 15, यावर तडजोड झाली. तीही मोजून: चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या काठापर्यंत, चारही बाजूंनी, टाकी अर्धी भरलेली असताना. जमिनीपासून मोजलं तर टायरची हवाच माप फिरवते.

एक गोष्ट मी हेल्परच्या कानीकपाळी ओरडून सांगतो, इथंही सांगतो. आर्म म्हणजे चाक सांगाड्याला जोडणाऱ्या दांड्या. त्यांचे रबरी बूश असलेले बोल्ट गाडी जॅकवर लटकत असताना करकचून आवळायचे नाहीत. आधी नुसते लावायचे, गाडी चाकांवर उतरवायची, वजन बसू द्यायचं आणि मग आवळायचे. नाहीतर बूश पिळलेल्या अवस्थेत जन्म काढतं आणि वर्षभरात फाटतं. मग लोक म्हणतात, गाडी खाली केल्यामुळं बूश गेलं. गाडीमुळं नाही, आवळणाऱ्यामुळं गेलं.

मग चाचणी. डिकीत सिमेंटची चार पोती, मागच्या सीटवर तीन पोरं, आणि चाकाच्या वरच्या अस्तराला आतून कणकेचे गोळे चिकटवले. टायर कुठं लागला तर ठसा उमटतो. पहिल्यांदा हेल्परनं घरून ज्वारीचं पीठ मळून आणलं होतं, ते भेगाळून गळून पडलं. आपल्याकडची भाकरी कितीही नावाजलेली असो, या कामाला गव्हाचीच कणीक लागते. होटगी रोडला दोन चकरा मारल्या. डाव्या मागच्या चाकावर हलका ठसा आला. 'सिमेंट भरलं होतं म्हणून आला' असं म्हणून तो सोडून दिला नाही. टायर एक नंबर अरुंद घातला. भाचा दोन दिवस बोलला नाही.

अलाइनमेंट तर हवीच. चाकांचा कोन बदलला की टायर आतून खातात. टो, म्हणजे चाकांची तोंडं आत-बाहेर किती वळलीत ते माप, चुकली असेल तर फारच लवकर. लॉराला मागेही चार-चार आर्म आहेत, मागच्या चाकांचा कोन आणि टो दोन्ही बोल्ट फिरवून बसवता येतात. आपल्याकडची निम्मी दुकानं पुढचीच अलाइनमेंट करून पैसे घेतात आणि मागचं आपोआप असतं असं सांगतात. उभं राहून करून घ्या. हेडलाइटही भिंतीवर खूण करून खाली-वर बसवून घेतला. आणि एबीएस नसलेल्या काही जुन्या गाड्यांत मागे एक व्हॉल्व्ह असतो, गाडी किती दबलीय त्यावरून मागच्या ब्रेकला किती जोर द्यायचा ते तो ठरवतो. गाडी खाली केली की त्या बिचाऱ्याला वाटतं डिकी भरलीय, आणि मोकळ्या गाडीचे मागचे ब्रेक तो जास्त जोरानं लावतो. पावसात मागची चाकं जाम झाली की गाडी फिरते. कापणाऱ्यांपैकी किती जणांना तो व्हॉल्व्ह माहीत असेल, मला शंका आहे.

आता कायद्याचं, कारण त्या वाचकांनी पोलिसांना हाक मारली आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 सांगतं की आरसीवरचे तपशील आणि कंपनीनं मुळात दिलेले तपशील यांत फरक पडेल असा बदल मालकानं करायचा नाही. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी 2019 मध्ये हे ठणकावून सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं कलम 182-अ आलं: परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलामागे 5 हजार दंड, किंवा 6 महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. आरसीवर स्प्रिंगसाठी रकाना नाही म्हणून आपण सुटलो, असं समजणारा मी नाही. भाच्याला काढलेल्या स्प्रिंगा जपून ठेवायला लावल्यात, आणि विमा कंपनीला लेखी कळवायला लावलंय. माझं दुखणं वेगळं आहे. सीएनजी किट बसवलं की आरटीओत तपासणी होते आणि आरसीवर नोंद होते. जर्मनीत खाली करायच्या स्प्रिंगा बसवल्या की गाडी तपासून कागदावर तशी नोंद करून देतात. आपल्याकडं मी मोजून, कणीक लावून, अलाइनमेंटचा कागद जोडून काम केलं तरी ते दाखवायला खिडकीच नाही. मग करवतवाला आणि मी, दोघंही चोरासारखेच. नोंदीची सोय झाली तर कापलेली स्प्रिंग त्या खिडकीवर पहिल्याच दिवशी पकडली जाईल. माझी मागणी एवढीच आहे, आणि ती त्या वाचकांच्या मागणीच्या विरुद्ध नाही.

राहता राहिला गतिरोधक. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाचा गोल गतिरोधक 10 सेंमी उंच आणि 3.7 मीटर रुंद असतो. लॉराच्या दोन चाकांत 2.58 मीटरचं अंतर. हिशोब करून बघा, गाडी त्यावर मधोमध असताना पोटाखाली तो जेमतेम 5 सेंमी वर येतो. भाच्याची काय, त्याहून खाली केलेली गाडीही अल्लद निघून जाईल. आमच्या गॅरेजच्या गल्लीत जो आहे तो मी दोरी ताणून मोजला: 19 सेंमी उंच, रुंदी हातभर. एका रात्रीत कुणी घातला, आजवर कुणी कबूल केलं नाही. त्यावर तर कंपनीतून आलेल्या अंगच्या उंच गाड्याही इंजिनाखालचं ऑइलचं चेंबर घासून जातात. त्या वाचकांच्या दारातला गतिरोधक किती उंच आहे ते त्यांनी एकदा मोजून कळवावं. ठिणग्यांतल्या निम्म्या तिथल्या असतील.

त्यांना माझं आमंत्रणही आहे. खिळ्यावरची स्प्रिंग दाखवीन, भाच्याची गाडी दाखवीन, चहा पाजीन. हवं तर गाडीखाली झोपून टॉर्चनं सगळं बघावं, गोणपाट मी देतो. सोमवारी गॅरेज बंद असतं.

आपला,
एक मिस्त्री वाचक,
अक्कलकोट रोड, सोलापूर